मांचू राजघराण्याचे सोयरे : येहे नारा कुळ

चीनच्या इतिहासाशी आपली ओळख होते ती बहुधा १८३९ च्या अफूच्या युद्धापासून, आणि १९११ च्या क्रांतीपाशी ती संपते. मधल्या पानांवर 'मांचू' हा शब्द वारंवार येतो. सम्राज्ञी त्झू-हसी हीही येते, ती एक कारस्थानी व सत्तालोलुप विधवा म्हणून. ती कोणाची लेक, कोणत्या घरातून राजवाड्यात आली, त्या घराचा आणि राजघराण्याचा पूर्वीचा संबंध काय, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत म्हणून आपणही ते विचारीत नाही. गेल्या सत्रात मी हा विषय थोडा खोलात जाऊन वाचला. तेव्हा असे दिसले की त्झू-हसीचे येहे नारा हे कुळ आणि चीनवर राज्य करणारे ऐसिन ग्योरो हे राजकुळ यांची सोयरीक तिच्या जन्माच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधी जुळलेली होती, आणि त्या सोयरिकीत वैरही तितकेच जुने होते. प्रस्तुत लेखात त्याच नात्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मांचू हे मूळचे चिनी नव्हेत. चीनच्या भिंतीपलीकडे, ईशान्येच्या जंगलांत व नद्यांच्या खोऱ्यांत राहणारे जुर्चेन नावाचे लोक होते. शिकार, थोडी शेती, मोती, लोकरी कातडी आणि जिनसेंग नावाच्या औषधी मुळीचा व्यापार यांवर त्यांचा निर्वाह चाले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यातील नूरहाची या सरदाराने एकेक टोळी जिंकून राज्य उभे केले. त्याच्या मुलाने १६३५ साली आपल्या लोकांना 'मांचू' हे नाव दिले, दुसऱ्या वर्षी आपल्या घराण्याला 'छिंग' हे नाव दिले, आणि १६४४ मध्ये हे घराणे बीजिंगच्या गादीवर बसले. ते १९१२ पर्यंत टिकले.

मांचू लोकांत कुळाला 'हाला' म्हणतात. व्यवहारात मात्र कोणी कुळाचे नाव लावीत नसे. माणूस केवळ आपल्या नावाने ओळखला जाई. त्यामुळे इतिहासात 'मिंगजू' असा एखादा मंत्री भेटतो तेव्हा तो कोणत्या कुळाचा हे नावावरून कळत नाही, ते शोधून काढावे लागते. 'नारा' हे असेच एक मोठे हाला. त्याच्या शाखा जेथे वसल्या त्या ठिकाणाचे नाव कुळापुढे लागले. हादा नारा, उला नारा, होइफा नारा, आणि येहे नदीकाठचे ते येहे नारा. आपल्याकडे गावावरून आडनाव पडते, म्हणजे 'येहेकर नारा' म्हटले तरी चालेल! ही येहे नदी आजच्या चीनच्या जिलिन प्रांतात, सिपिंग शहराच्या बाजूला आहे. परंपरा अशी सांगते की येहेच्या सरदारांचा मूळपुरुष नारा नव्हताच, तो तुमेद मंगोल होता. नारा लोकांचा मुलूख त्याने घेतला आणि नावही त्यांचेच घेतले. जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांचे कुळनाव लावावे ही गोष्ट मला मोठी नवलाची वाटली.

या सर्व कुळांची एक प्रचंड वंशावळ १७३५ साली सम्राटाच्या आज्ञेने सुरू झाली आणि १७४४ मध्ये पुरी झाली. हजाराहून अधिक कुळे तिच्यात आहेत. कोणाचा बाप कोण, कोणाला कोणती मनसब मिळाली, हे सारे तपशीलवार आहे. लेकींची नावे मात्र त्यात शोधू नयेत. राजवाड्यात गेलेली स्त्री सुद्धा कागदावर 'नारा कुळातील स्त्री' एवढीच उरते. आमच्या घरात कोणी वंशावळ लिहिलेली नाही, कारण लिहिता येणारेच कोणी नव्हते. पण माझी आजी चार पिढ्यांचे नाते तोंडी सांगते, आणि ते सांगण्याची तिची रीत म्हणजे 'कुणाची लेक कुठं दिली'. येहे नारा कुळाचा इतिहास मी याच रीतीने लावून पाहिला, आणि मनसबींच्या यादीपेक्षा तो तसा अधिक चांगला उलगडतो असे माझे मत झाले.

पहिली लेक मोंगगो. तिचा बाप यांगिनू हा येहेच्या दोन सरदारांपैकी एक. दुसरा त्याचा भाऊ चिंगियानू. दोघांनी येहे नदीकाठी पूर्वेला व पश्चिमेला अशी दोन तटबंदीची नगरे बांधली होती. नूरहाची तेव्हा लहान सरदार होता, पण यांगिनूने त्याची पारख केली आणि आपली धाकटी मुलगी त्याला देऊ केली. मुलगी लहान होती, म्हणून लग्न पुढे ढकलले. मध्यंतरी १५८४ साली मिंग घराण्याच्या चिनी सेनापतीने या दोघा भावांना वाटाघाटीसाठी बोलावून दगाफटक्याने ठार केले. बापाने दिलेला शब्द मोंगगोचा भाऊ नारिंबुलू याने पाळला आणि १५८८ मध्ये बहिणीला स्वतः नेऊन नूरहाचीच्या स्वाधीन केले. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. १५९२ साली तिला मुलगा झाला, होंग ताइजी.

मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच १५९३ मध्ये तिचे माहेर तिच्या सासरवर चालून आले. नूरहाची फार वाढू लागला हे येहेवाल्यांना सहन होईना. त्यांनी नऊ टोळ्यांची एकजूट केली, तीस हजारांचे सैन्य जमवले, आणि गुरे नावाच्या डोंगरापाशी लढाई झाली. मोंगगोचा चुलतभाऊ बुजाई याचा घोडा अडखळून पडला आणि तो तेथेच मारला गेला. एकजूट उधळली. नूरहाचीचे नाव या विजयाने सर्वत्र झाले.

त्यानंतर दहा वर्षांनी मोंगगो आजारी पडली. १६०३ साल. मरण्यापूर्वी आईला एकदा पाहावे एवढीच तिची इच्छा होती. नूरहाचीने येहेला माणूस पाठवला. नारिंबुलूने आईला पाठवण्यास नकार दिला आणि घरच्या एका नोकराला धाडले. आईची भेट झाली नाही. मोंगगो गेली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. नूरहाचीने तिच्यासाठी फार शोक केला असे राजदप्तरात नोंदले आहे. तिच्यासोबत चार दासींना मृत्यूच्या वाटेने धाडण्यात आले, आणि शवपेटी तीन वर्षे वाड्याच्या अंगणात ठेवून मग पुरण्यात आली. दासींची नावे अर्थातच कोठे नाहीत. शोकाची ही तऱ्हा वाचून त्या शोकाबद्दल आदर वाटावा की नाही हे मला ठरवता आले नाही.

राजदप्तरात हा प्रसंग का नोंदला याचे कारण उघड आहे. पुढे येहेवर स्वारी केली त्याचे समर्थन त्यातून होते : बघा, हे लोक इतके निष्ठुर की मरणाऱ्या लेकीलाही आई भेटू दिली नाही! पण कारण काही असो, नोंद राहिली. सोयरीक ही दोन राज्यांमधील तह असेल, तर तह मोडल्यावर सर्वांत आधी कोण मोडून पडते, ते त्या नोंदीत दिसते.

दुसरी लेक त्याहून दुर्दैवी. लढाईत पडलेल्या बुजाईची ही मुलगी. तिला इतिहासात 'येहेची म्हातारी मुलगी' म्हणतात. हे नाव चेष्टेचे आहे, पण तिची कहाणी चेष्टेची नाही. ती अत्यंत रूपवान होती असे सांगतात. प्रथम हादाच्या सरदाराला तिचे आमिष दाखवले, मग उलाच्या सरदाराला. १५९७ मध्ये येहे व नूरहाची यांचा तह झाला, पांढरा घोडा कापून शपथा झाल्या, तेव्हा तिच्या भावाने, बुयांगूने, तिला नूरहाचीला देऊ केले. ज्या माणसाच्या सैन्याने तिच्या बापाला मारले त्यालाच! तोही शब्द मोडला. मग होइफाच्या सरदाराला गळाला लावले. तिच्या नावाने एकेक राज्य येहेच्या बाजूला ओढायचे आणि नूरहाचीने ते गिळायचे, असे होत गेले. हादा, मग १६०७ मध्ये होइफा, मग १६१३ मध्ये उला. शेवटी १६१५ साली तिचे लग्न एका खालखा मंगोल सरदाराच्या मुलाशी लावले. तेव्हा तिचे वय तेहतीस होते, आणि त्या काळी मुली चौदा-पंधराव्या वर्षी सासरी जात. नूरहाचीचे सरदार खवळून म्हणाले, आता युद्धच करू. नूरहाचीने त्यांना आवरले. ही मुलगी राज्ये बुडवण्यासाठीच जन्माला आली आहे, तिचे आयुष्यही आता फार उरलेले नाही, अशा अर्थाचे त्याचे बोलणे दप्तरात आहे. लग्नानंतर सुमारे वर्षभरातच ती वारली.

पण गंमत पाहा. तीन वर्षांनी, १६१८ मध्ये, नूरहाचीने मिंग साम्राज्याविरुद्ध 'सात गाऱ्हाणी' जाहीर करून युद्ध पुकारले. त्यांपैकी एक गाऱ्हाणे हेच होते की मिंगांच्या पाठबळावर येहेने माझी वाग्दत्त वधू मंगोलांना दिली. म्हणजे जिवंतपणी तिला अपशकुनी ठरवली, आणि मेल्यावर तिलाच युद्धाचे निमित्त केले. तिला कोणी काही विचारल्याचे एकाही नोंदीत नाही. तिचे खरे नाव काय होते तेही समकालीन कागदांत सापडत नाही.

आता १६१९. त्या वर्षीच्या वसंतात सारहूच्या प्रसिद्ध लढाईत नूरहाचीने मिंग फौजांचा दारुण पराभव केला. येहेने मिंगांना मदत पाठवली होती. त्याच वर्षी नूरहाची येहेवर आला. पूर्वेच्या नगरात गिंताइसी होता. तो मोंगगोचा आणखी एक भाऊ, म्हणजे होंग ताइजीचा सख्खा मामा. पश्चिमेच्या नगरात बुयांगू. संरक्षणाला मिंगांनी पूर्वीच पाठवलेले हजारभर बंदूकवाले होते, पण तट खणून पाडला गेला. गिंताइसी बायकामुलांसह एका उंच मनोऱ्यात चढून बसला आणि म्हणाला, माझा भाचा समोर आला आणि त्याने शब्द दिला तर मी उतरेन. होंग ताइजी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. तो आला. मामा वरून म्हणाला, मी माझ्या भाच्याला कधी पाहिलेलेच नाही, हा खरा की खोटा मला काय कळणार?

या एका वाक्यात मला सारा इतिहास दिसतो. बहीण देऊन एकतीस वर्षे झालेली, भाचा सत्तावीस वर्षांचा, दोन गावांत घोड्याने काही दिवसांचे अंतर, आणि मामाने भाचा पाहिलेला नाही. शेवटी त्याला ओळखणाऱ्या एका दाईला पुढे आणले, तरी गिंताइसीचे समाधान होईना. जीव वाचेल असा शब्द दे, असे तो म्हणे. भाचा म्हणे, ते वडिलांच्या हाती. मुलगा देर्गेर याला पकडून आणून त्याच्याकडूनही सांगून पाहिले. अखेर गिंताइसीची बायको धाकट्या मुलाला घेऊन खाली उतरली, आणि गिंताइसीने मनोऱ्याला आग लावली. तो आगीतून निघाला, पकडला गेला, आणि धनुष्याच्या दोरीने त्याला गळफास देण्यात आला. बुयांगू शरण आला होता, पण त्याने वाकून मानाचा नमस्कार नीट केला नाही म्हणून त्याचीही तीच गत झाली. देर्गेरला मात्र नूरहाचीने आपल्या पानातले अन्न दिले आणि होंग ताइजीला सांगितले की हा तुझा भाऊ आहे, याला नीट सांभाळ. येहेच्या लोकांना आणून आठ निशाणांच्या पलटणींत वाटून टाकले. राज्य संपले, कुळ राहिले.

येथेच त्या सुप्रसिद्ध शापाची गोष्ट येते. मरताना येहेच्या सरदाराने म्हणे असा शाप दिला की नारा कुळात एक मुलगी जरी उरली तरी ती ऐसिन ग्योरोंचा सत्यानाश करील. म्हणून छिंग सम्राटांनी येहे नारा मुलींना राजवाड्यात घेण्यास बंदी केली, पुढे एकाने ती मोडली, त्झू-हसी आत आली, आणि शाप खरा ठरला! नाटक-सिनेमाला ही कथा फार सोयीची आहे. पण १६१९ च्या नोंदींत या शापाचा मागमूस नाही. तो प्रचारात आला राजवटीच्या अखेरीच्या दिवसांत, म्हणजे 'भविष्य' घडून गेल्यावर. बंदीचे म्हणावे तर खुद्द होंग ताइजीच्या अंतःपुरात येहे नारा स्त्री होती आणि तिला मुलगाही होता. च्येनलुंग सम्राटाच्या राण्यांतही या कुळाची एक होती, १७५१ साली तिला झालेला मुलगा लहानपणीच वारला. तेव्हा बंदी वगैरे सर्व कल्पनाविलास आहे. शिवाय ज्याने 'छिंग' हे नाव घराण्याला दिले तो होंग ताइजीच येहेच्या लेकीच्या पोटचा. त्याने आईला मरणोत्तर सम्राज्ञीपद दिले. त्याच्यानंतरच्या प्रत्येक छिंग सम्राटाच्या अंगात येहेचे रक्त होते. शाप लागायचाच तर कोणी कोणाला द्यावा?

पुरुषांच्या बाजूने या कुळाचे भाग्य कांगशी सम्राटाच्या काळात उघडले. गिंताइसीचा नातू मिंगजू, जन्म १६३५. त्याची बायको नूरहाचीचा बारावा मुलगा अजिगे याची मुलगी, म्हणजे आता लेक राजघराण्याची आणि घर येहेचे. मात्र हा अजिगे सत्तेच्या भांडणात हरून १६५१ मध्ये आत्महत्या करण्यास भाग पाडलेला राजपुत्र होता, त्यामुळे ही सोयरीक फारशी लाभाची नव्हती. मिंगजू चढला तो अकलेवर. १६७३ मध्ये दक्षिणेतल्या तीन मांडलिक सरदारांची सत्ता काढून घ्यावी की नाही हा प्रश्न आला, तेव्हा बहुतेक मंत्री कचरले, पण मिंगजूने तरुण सम्राटाची बाजू उचलली. युद्ध आठ वर्षे चालले आणि सम्राट जिंकला. १६७७ मध्ये मिंगजू महामंत्री झाला. मग नेहमीचे झाले : गट, वशिला, पदांची विक्री. १६८८ मध्ये ग्वो शिउ नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्यावर उघड आरोपपत्र दाखल केले आणि तो महामंत्रिपदावरून गेला. त्याचा मुलगा क्वेइशू याने गादीच्या वादात आठव्या राजपुत्राचा पक्ष घेतला. गादी मिळाली चौथ्याला. या नव्या योंगझेंग सम्राटाचा राग एवढा की क्वेइशू १७१७ मध्येच मेलेला असूनही १७२४ मध्ये त्याच्या थडग्यावरचा मजकूर खोडून तेथे 'राजद्रोही, मातृपितृद्रोही, कपटी, लाळघोट्या' अशा अर्थाची अक्षरे कोरवली. मेलेल्या माणसावर इतका राग काढणारा राजा दुसरा क्वचितच असेल.

पण मिंगजूचे घर आज लोकांना आठवते ते त्याच्या थोरल्या मुलामुळे. नालान शिंगद, १६५५ ते १६८५, अवघ्या तिशीत गेलेला कवी. 'नालान' हे 'नारा'चेच चिनी रूप. गाण्याच्या चालींवर रचल्या जाणाऱ्या 'त्स' नावाच्या चिनी काव्यप्रकारात त्याचे नाव मोठे आहे. सम्राटाचा अंगरक्षक म्हणून त्याची नेमणूक होती. बायको १६७७ मध्ये वारली, आणि तिच्यावरच्या त्याच्या शोककविता आजही चीनमध्ये शाळकरी मुलांपर्यंत माहीत आहेत. १६८२ मध्ये कांगशी सम्राट पूर्वजांच्या भूमीच्या यात्रेला ईशान्येकडे गेला, तेव्हा शिंगद त्याच्या स्वारीत होता. सम्राटाला ती यात्रा विजयाची स्मृती होती. शिंगदच्या पणजोबाला त्याच प्रदेशात गळफास दिला होता. त्या प्रवासातल्या त्याच्या कवितांत जुन्या रणभूमीची जी उदासी येते, तीत काही अभ्यासक येहेचे दुःख वाचतात. धन्याच्या घोड्यामागे आपला घोडा चालवताना त्याच्या मनात काय आले असेल, हा विचार मला त्याच्याविषयी वाचताना सोडीना.

बीजिंगमध्ये मिंगजूचा वाडा होता, मागच्या तळ्याच्या काठी. पुढे तो वंशजांकडून जप्त झाला, राजपुत्रांना मिळाला, आणि १८८८ च्या सुमारास राजपुत्र छुन यांच्याकडे आला. या नावाचा संबंध पुढे येईल.

आता त्झू-हसी. जन्म १८३५, बाप हुइझेंग हा मधल्या दर्जाचा अधिकारी. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. गिंताइसीचे वंशज शुद्ध पिवळ्या निशाणात होते, हुइझेंगचे घर किनारीच्या निळ्या निशाणात. कुळ एक, शाखा वेगळी. ज्या सरदाराने शाप दिला म्हणतात त्याची ती वंशजच नव्हे. निशाणांतल्या अधिकाऱ्यांच्या मुलींना वयात आल्यावर राजवाड्यात निवडीसाठी हजर व्हावे लागे, आणि ती निवड झाल्याशिवाय बापाला तिचे लग्न ठरवता येत नसे. त्या रांगेतून ती १८५२ मध्ये शियेनफंग सम्राटाच्या अंतःपुरात कनिष्ठ दर्जाने दाखल झाली. घरी तिला काय म्हणत हे कोणत्याही दप्तरात नाही. जवळजवळ अर्धे शतक राज्य केलेल्या बाईचे माहेरचे नाव कागदावर नाही!

१८५६ मध्ये तिला मुलगा झाला, सम्राटाचा एकुलता एक वारस. १८६१ च्या ऑगस्टमध्ये सम्राट वारला. त्याने नेमलेल्या आठ कारभाऱ्यांना तिने, थोरली सम्राज्ञी त्झू-आन आणि दीर राजपुत्र गुंग यांच्या मदतीने, नोव्हेंबरमध्ये उलथून पाडले. यापुढील इतिहास पाठ्यपुस्तकात आहे. तिच्या माहेरचे निशाणही आता बढती मिळून पिवळे झाले. सोयरिकीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते १८७५. तिचा मुलगा थुंगझी सम्राट जानेवारीत निपुत्रिक वारला. रिवाजाप्रमाणे वारस पुढच्या पिढीतला हवा होता. पण तसे झाले असते तर त्झू-हसी 'आजी' होऊन मागे पडली असती. तिने निवडला तो दिराचा, राजपुत्र छुन याचा, साडेतीन वर्षांचा मुलगा. या दिराला तिची सख्खी धाकटी बहीण दिलेली होती. म्हणजे मूल बापाकडून ऐसिन ग्योरो, आईकडून येहे नारा. नाव जाहीर होताच बाप जमिनीवर डोके आपटून रडला आणि बेशुद्ध पडला असे राजशिक्षक वंग थुंगह यांच्या रोजनिशीत आहे. मुलगा सम्राट झाल्यावर असा आक्रोश का, हे मोंगगोची हकीकत वाचलेल्याला समजावून सांगावे लागणार नाही.

हाच ग्वांगशू सम्राट. १८८९ मध्ये त्याचे लग्न ठरले ते त्झू-हसीचा भाऊ गुइशियांग याच्या मुलीशी. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तेव्हा या नात्याचे आपल्याला नवल वाटू नये. नवल हे की सासू, मावशी आणि आत्या एकच बाई होती. लग्नाच्या आधी काही आठवडे राजवाड्याचे भव्य तायहमन प्रवेशद्वार आगीत जळाले. वधूची पालखी त्यातूनच यायची म्हणून कारागिरांनी बांबू, कापड व कागद यांचे हुबेहूब द्वार उभे केले. लग्न त्या द्वारातून झाले आणि संसारही तितकाच कागदी निघाला. नवराबायकोचे कधी पटले नाही. १८९८ मध्ये ग्वांगशूने सुधारणा सुरू केल्या, शंभर-एक दिवसांत त्या मावशीने गुंडाळल्या आणि भाच्याला तळ्यातल्या बेटावर नजरकैदेत ठेवले. १९०८ च्या १४ नोव्हेंबरला तो वारला, दुसऱ्या दिवशी ती. त्याच्या केसांची व कपड्यांची शास्त्रीय तपासणी होऊन २००८ मध्ये जाहीर झाले की मृत्यू सोमलाच्या विषाने झाला. विष कोणी दिले याचा पुरावा मात्र नाही.

मग त्याच राजपुत्र छुन याच्या घरातला, दुसऱ्या पत्नीच्या शाखेतला पावणेतीन वर्षांचा पूयी गादीवर बसला. तो त्याच मिंगजूच्या जुन्या वाड्यात जन्मलेला! ग्वांगशूची विधवा, गुइशियांगची मुलगी, आता राजमाता लुंगयू झाली. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी गादी सोडल्याचे फर्मान निघाले ते तिच्या नावाने. राजघराण्याला वर्षाला चाळीस लाखांचे वेतन, राजवाड्यात तात्पुरता मुक्काम, आणि रक्तपात नाही, अशा अटी होत्या. वर्षभरात, फेब्रुवारी १९१३ मध्ये, ती वारली.

शापवाल्यांना येथे आनंद होतो : पाहा, येहे नारा स्त्रीनेच शेवटी राज्य सोडले! परंतु थायपिंग बंडात कोट्यवधी माणसे मेली, १९०१ च्या तहाने पंचेचाळीस कोटी ताएल चांदीचा दंड बसला, प्रांताप्रांतांतील सैन्य फितूर झाले, सेनापती युआन शिकाय दोन्हीकडून सौदा करीत होता. हे सारे बाजूला ठेवून एका एकाकी विधवेच्या कुळनावात नाशाचे कारण शोधायचे, ही नूरहाचीचीच पद्धत झाली. त्यानेही हादा, होइफा, उला स्वतः बुडवली आणि दोष 'म्हातारी मुलगी'ला दिला. त्झू-हसीला मी निर्दोष म्हणत नाही. १८९८ मध्ये तिने जे केले त्याची किंमत चीनने मोजली. पण तो दोष तिच्या कृत्यांचा आहे, तिच्या माहेरचा नव्हे.

राजवट गेल्यावर मांचूंविरुद्ध वातावरण इतके तापले की पुष्कळांनी कुळनावे टाकून चिनी आडनावे घेतली. येहे नारांपैकी कोणी 'ना' झाले, कोणी 'येह'. मूळ मंगोल वंशाच्या अशाच एका येहे नारा घरात १९२४ साली बीजिंगमध्ये येह जियायिंग यांचा जन्म झाला. त्यांनी जन्मभर 'त्स' कवितेचा अभ्यास केला, तैवानात, कॅनडात आणि १९७९ पासून तियानजिनच्या नानकाई विद्यापीठात शिकवले, आणि नालान शिंगदच्या कवितेवरही लिहिले. २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्या वारल्या. सत्तरी उलटल्यावर त्या एकदा येहेला जाऊन आल्या होत्या. दोन नगरांपैकी आता तेथे मातीचे उंचवटे तेवढे आहेत.